सोनोग्राफीत ‘किरण’ नसतात, मग काळजी कशाची घ्यायची?

सोनोग्राफी सेंटरच्या बाहेरचा बाक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कुणी पोटभर पाणी पिऊन अवघडून बसलेलं असतं, कुणी सकाळपासून उपाशी असतं. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते. आत दहा मिनिटं लागतात, बाहेर दोन तास. मग हातात एक लिफाफा येतो. त्यातल्या कागदावरचं इंग्रजी घरात कुणालाच नीट कळत नाही आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळालेली असते. ती मधली रात्र फार वाईट जाते.

आमच्या घरात अशी रात्र गेली आहे. आमच्या खालांच्या थायरॉइडच्या रिपोर्टवर ‘हायपोएकोइक नोड्यूल’ असे दोन शब्द होते. घरातल्या मुलाने मोबाइलवर शोधलं, कॅन्सर हा शब्द दिसला आणि रडारड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, लहानशी गाठ आहे, घाबरण्यासारखं काही नाही, वर्षभराने पुन्हा बघू. त्याच घरात पुढे भाभींची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करायची वेळ आली, तेव्हा थोरल्यांनी हरकत घेतली. ‘सारखे सारखे किरण कशाला घ्यायचे? बाळाला लागतील.’ तारीख दोन आठवडे पुढे गेली.

पहिल्या वेळी आम्ही एका शब्दाला घाबरलो, दुसऱ्या वेळी मशीनला. दोन्ही वेळा कारण एकच होतं, समोर काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून या लेखात आम्ही सोनोग्राफीतले नेहमीचे शब्द सोपे करून सांगणार आहोत. ही तपासणी सुरक्षित आहे म्हणजे नेमकं काय, आणि ती सुरक्षितता कुणाच्या हातात असते, हेही बघणार आहोत.

किरण नाहीत, आवाज आहे

एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय आणि सोनोग्राफी या चारही तपासण्यांना आपल्याकडे सरसकट ‘किरण घेणं’ म्हणतात. प्रत्यक्षात एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्येच क्ष-किरण वापरतात. हे किरण पेशीच्या आतल्या डीएनएला इजा करू शकतात, म्हणून गरोदर बाईचा एक्स-रे काढताना डॉक्टर दोनदा विचार करतात. एमआरआय चुंबकावर चालतो. सोनोग्राफी आवाजावर चालते.

हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, कारण तो फार बारीक असतो. माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. त्याच्या वरच्या आवाजाला अल्ट्रासाउंड म्हणतात. सोनोग्राफीच्या मशीनमध्ये साधारण २ ते १५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपनं.

या तंत्राचा पाया फ्रान्समध्ये घातला गेला. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज तयार होते. पुढे याचं उलटही खरं ठरलं. वीज दिली की असा स्फटिक थरथरतो आणि आवाज काढतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग करून समुद्रातल्या पाणबुड्या शोधायचं यंत्र बनवलं. जोरदार आवाजाच्या झोतात आलेले मासे मरतात, हेही त्याला त्या वेळी दिसलं. म्हणजे या आवाजाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सोनोग्राफीपेक्षाही जुना आहे.

रुग्णाच्या पोटापर्यंत हे तंत्र आणलं ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाने. कारखान्यात धातूच्या भागांमधली भेग शोधायला जे यंत्र वापरत, तेच त्याने माणसावर वापरून बघितलं. १९५८ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला शोधनिबंध छापला. पोटात असाध्य कर्करोग आहे असं मानल्या गेलेल्या एका बाईच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठ होती, हे या यंत्राने दाखवलं. ती गाठ काढली गेली आणि बाई वाचली.

विहिरीत दिलेली हाक

विहिरीच्या काठावरून हाक मारली की ती परत ऐकू येते. पाणी खोल असेल तर उशिरा, वर असेल तर लवकर. सोनोग्राफीचं मशीन नेमकं हेच करतं. डॉक्टरांच्या हातातल्या यंत्राला प्रोब म्हणतात. प्रोब आवाजाचा एक छोटा ठोका शरीरात सोडतो आणि लगेच गप्प बसून प्रतिध्वनी ऐकतो. शरीराच्या मऊ भागांत आवाज सेकंदाला साधारण १,५४० मीटर वेगाने जातो. त्यामुळे एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १३ भाग लागतात. किती वेळाने परत आला यावरून मशीन खोली काढतं, आणि किती जोरात आला यावरून तो ठिपका किती पांढरा दाखवायचा ते ठरवतं. असे असंख्य ठिपके मिळून पडद्यावरचं चित्र तयार होतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या चित्राच्या तपासणीत मशीन ९९ टक्क्यांहून जास्त वेळ फक्त ऐकत असतं. आवाज सोडण्याचा वेळ एक टक्कासुद्धा नसतो.

पोटावर लावतात ते गार, चिकट जेल कशासाठी? प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला, तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. जेल ती हवा काढून टाकतं. आतड्यांतला वायूही असाच आडवा येतो, म्हणून पोटाच्या तपासणीला सहा-आठ तास उपाशी यायला सांगतात. उपाशी असल्यावर पित्ताशय भरलेलं राहतं आणि त्यातले खडे नीट दिसतात. याउलट गर्भाशय पोटावरून बघायचं असेल तर मूत्राशय भरलेलं लागतं, कारण पाण्यातून आवाज छान पुढे जातो. म्हणून ‘पाणी पिऊन बसा’ म्हणतात. आतून करायच्या तपासणीला, जिला रिपोर्टवर टीव्हीएस लिहितात, मात्र लघवी करून यावं लागतं.

प्रोबही वेगवेगळे असतात. आवाज जितका बारीक तितकं चित्र रेखीव, पण तो खोल जात नाही. जाड आवाज खोल जातो, पण बारकावे कमी दाखवतो. म्हणून पोटासाठी कमी मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब, तर थायरॉइड किंवा स्तनासाठी जास्त मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब वापरतात.

बी-मोड, एम-मोड आणि डॉप्लर

नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला बी-मोड म्हणतात. एम-मोडमध्ये एकाच रेषेवरची हालचाल नोंदली जाते, जसे बाळाच्या हृदयाचे ठोके. डॉप्लरमध्ये रक्ताचा प्रवाह बघतात. लोकल ट्रेन हॉर्न देत जवळ येते तेव्हा तो बारीक वाटतो आणि ती पुढे निघून गेली की जाड वाटतो. हा परिणाम ख्रिश्चन डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडला. धावत्या रक्तपेशींवरून परत आलेल्या आवाजातही असाच फरक पडतो आणि त्यावरून रक्ताचा वेग कळतो.

रंगीत डॉप्लरच्या लाल-निळ्याबद्दल एक गैरसमज आहे. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं नाही. साधारणपणे प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवतात. हे रंग मशीनवर उलटेही करता येतात.

रिपोर्टवरचे शब्द: वर्णन म्हणजे निदान नव्हे

खालांच्या रिपोर्टवरचा ‘हायपोएकोइक’ हा शब्द आता उलगडता येईल. ‘एको’ म्हणजे प्रतिध्वनी. आजूबाजूपेक्षा कमी प्रतिध्वनी देणारा, म्हणजे पडद्यावर जास्त काळपट दिसणारा भाग हायपोएकोइक. जास्त पांढरा दिसणारा हायपरएकोइक. शेजारच्या भागासारखाच दिसणारा आयसोएकोइक. आणि अगदी काळा, म्हणजे बहुतेकदा स्वच्छ पाणी भरलेला भाग अॅनएकोइक. हे चारही शब्द फक्त रंग सांगतात. ‘भिंतीवर गडद डाग आहे’ म्हणण्यासारखंच ते आहे. डाग ओलीचा की रंगाचा, ते पुढे ठरतं.

‘अकॉस्टिक शॅडो’ म्हणजे सावली. पित्ताशयातला खडा किंवा मुतखडा आवाज अडवतो, म्हणून त्याच्यामागे काळी पट्टी दिसते. सावली दिसली की खड्याचा अंदाज पक्का होतो. ‘सिम्पल सिस्ट’ म्हणजे पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली गाठ. ती बहुधा निरुपद्रवी असते. ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’मध्ये पाण्याबरोबर आणखी काही दिसतं, म्हणून तिचा पुढे तपास करतात. ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ म्हणजे चरबीमुळे यकृत नेहमीपेक्षा थोडं जास्त पांढरं दिसतंय. ही जीवनशैली सुधारण्याची सूचना समजावी.

स्तनाच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ आणि पुढे आकडा असतो. इथे शून्य म्हणजे ‘काही नाही’ असं समजू नका. शून्याचा अर्थ, तपासणी अपुरी आहे, आणखी चाचणी लागेल. १ आणि २ दिलासा देणारे. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण ठरलेल्या वेळी पुन्हा दाखवायचंच. ४ आणि ५ ला तुकडा काढून तपासायला सांगतात, तिथे उशीर करू नये. ६ हा आकडा तपासणीत कर्करोग आधीच सिद्ध झालेला असेल तेव्हाच लिहितात. थायरॉइडसाठी अशीच ‘टायरॅड्स’ नावाची पद्धत आहे. त्यात गाठीची प्रत आणि आकार दोन्ही बघून सुईची तपासणी करायची की नुसती नजर ठेवायची, ते ठरवतात.

शेवटी बहुतेक रिपोर्टवर ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं लिहिलेलं असतं. अर्थ एवढाच, की चित्र आम्ही सांगितलं, आता तुमच्या डॉक्टरांनी तुमची लक्षणं आणि इतर तपासण्या यांच्याशी ते जुळवून बघावं. या ओळीमुळेच रात्री मोबाइलवर शोधण्यापेक्षा सकाळी डॉक्टरांकडे जाणं शहाणपणाचं.

गरोदरपणाच्या रिपोर्टवर काय वाचायचं

पहिल्या तीन महिन्यांत ‘सीआरएल’ दिसतं. ही बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. बाळाचं वय यावरून सगळ्यात अचूक निघतं, चूक झालीच तर पाच-सात दिवसांची. पुढे ‘बीपीडी’ म्हणजे डोक्याची रुंदी, ‘एचसी’ म्हणजे डोक्याचा घेर, ‘एसी’ म्हणजे पोटाचा घेर आणि ‘एफएल’ म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. या मापांवरून मशीन बाळाचं वजन काढतं, त्याला ‘ईएफडब्ल्यू’ म्हणतात. हा अंदाज असतो. त्यात १५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. २ किलो ८०० ग्रॅम लिहिलं असेल तर प्रत्यक्षात ४०० ग्रॅमचा फरक निघाला तरी नवल नाही.

‘ईडीडी’ म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. प्रत्येक रिपोर्टवर ती वेगळी दिसते आणि घरात वाद होतात. नियम सोपा आहे. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी जी तारीख पक्की केली, तीच शेवटपर्यंत धरायची. नंतरच्या रिपोर्टवरच्या तारखा बाळाच्या वाढीनुसार बदलतात. म्हणून पहिला रिपोर्ट कधीही हरवू नका.

‘प्लासेंटा अँटिरिअर’ किंवा ‘पोस्टिरिअर’ म्हणजे वार गर्भाशयाच्या पुढच्या किंवा मागच्या भिंतीला आहे. यावरून मुलगा की मुलगी ते ओळखता येतं, ही निव्वळ अफवा आहे. ‘लो लाइंग’ म्हणजे वार खाली आहे. पाचव्या महिन्यात असं लिहिलेलं असलं, तरी गर्भाशय वाढताना बहुतेकींची वार वर सरकते. मात्र पुन्हा तपासणी चुकवू नये आणि रक्तस्राव झाला तर लगेच दवाखाना गाठावा. ‘ब्रीच’ म्हणजे बाळ पायाळू. पाचव्या-सहाव्या महिन्यात याला अर्थ नसतो, कारण बाळ फिरतच असतं. शेवटच्या महिन्यात मात्र ते महत्त्वाचं ठरतं. ‘एएफआय’ म्हणजे गर्भजलाचं माप. साधारण ५ ते २५ सेंटिमीटर ठीक मानतात.

भाभींची जी तपासणी आम्ही लांबवली, ती ‘अॅनोमली स्कॅन’ होती. साधारण १८ ते २२ आठवड्यांत बाळाचा मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडं, हात-पाय एकेक करून बघतात. याच वेळी काही सापडलं तर कुठल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपण करायचं, जन्मल्यावर लगेच शस्त्रक्रिया लागेल का, याची तयारी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये प्रत्येक गरोदर बाईची २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली आहे. खोट्या भीतीपायी ही वेळ हुकली तर ती परत येत नाही. तसंच, या तपासणीत सगळे दोष दिसतातच असं नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

मग धोका अजिबातच नाही का?

क्ष-किरण नाहीत म्हणजे शरीरावर काहीच परिणाम नाही, असं म्हणता येणार नाही. आवाज ही ऊर्जा आहे आणि तिचे दोन परिणाम होऊ शकतात. पहिला, उष्णता. आवाज शरीरात शोषला जातो तेव्हा तो भाग किंचित गरम होतो. हाड मऊ भागापेक्षा जास्त आवाज शोषतं, म्हणून तिथे जास्त. दुसरा, बुडबुडे. आवाजाच्या दाबाने सूक्ष्म वायूचे बुडबुडे फुगतात, आकसतात, फुटतात. जिथे हवा आहे, म्हणजे फुप्फुसं आणि आतडी, तिथे याचा विचार करावा लागतो. गर्भातल्या बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, त्यामुळे तिथे ही शक्यता फारच कमी असते.

हे दोन परिणाम दाखवणारे दोन आकडे मशीनच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात, ‘टीआय’ आणि ‘एमआय’. टीआय म्हणजे थर्मल इंडेक्स. टीआय १ असेल तर एखादा भाग जास्तीत जास्त एक अंश सेल्सिअसने तापू शकेल, असा ढोबळ अंदाज. हा थर्मामीटर नाही, फक्त इशारा आहे. एमआय म्हणजे मेकॅनिकल इंडेक्स, तो बुडबुड्यांची शक्यता सांगतो. टायरॅड्समधल्या ‘टीआय’शी या टीआयचा काही संबंध नाही.

हे आकडे पडद्यावर का आले, त्यामागे एक कारण आहे. अमेरिकेत पूर्वी गर्भाच्या तपासणीसाठी आवाजाच्या तीव्रतेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॉट होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चित्र अधिक स्पष्ट यावं म्हणून ती ७२० पर्यंत वाढवली गेली. डोळ्यांची तपासणी सोडून बाकी ठिकाणी एमआय १.९ च्या वर जाऊ नये, असंही ठरलं. वाढीव मर्यादेच्या बदल्यात अट अशी होती, की टीआय आणि एमआय पडद्यावर दिसले पाहिजेत. थोडक्यात, सुरक्षिततेची बरीचशी जबाबदारी मशीनकडून तपासणाऱ्याच्या हातात आली. त्याने आकडा बघितला, त्याचा अर्थ त्याला कळला आणि त्याने वेळ आवरता घेतला, तरच त्या आकड्याचा उपयोग.

वेळ किती? ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीच्या गर्भतपासणीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. टीआय ०.७ पर्यंत असेल तर मिनिटांचं बंधन नाही. १ पर्यंत ६० मिनिटं, १.५ पर्यंत ३० मिनिटं, २ पर्यंत १५ मिनिटं, २.५ पर्यंत ४ मिनिटं आणि ३ पर्यंत फक्त १ मिनिट. ३ च्या वर तपासणी करूच नये. बाळाचं तापमान नेहमीपेक्षा ४ अंशांनी वाढून ५ मिनिटं तसंच राहिलं तर ते घातक मानावं, असं या क्षेत्रातल्या जागतिक संघटनेचं म्हणणं आहे. साध्या बी-मोड तपासणीत तापमान याच्या आसपासही जात नाही. गरोदर बाईला ताप असेल तर बाळाचं तापमान आधीच वाढलेलं असतं, म्हणून तेव्हा जास्त जपतात.

डॉप्लरची गोष्ट थोडी वेगळी. त्यात आवाजाचे ठोके एकाच जागी, जास्त वेळा पडतात, त्यामुळे उष्णता जास्त होते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे ठोके बघायला डॉप्लर नको, एम-मोड वापरा, असं तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. ११ ते १३ आठवड्यांच्या तपासणीत कारण असेल तरच डॉप्लर करावं, टीआय १ च्या आत ठेवावा आणि वेळ शक्य तितका कमी. पुढच्या महिन्यांत बाळाची वाढ कमी असेल किंवा आईचं ब्लडप्रेशर वाढलेलं असेल, तर डॉप्लर बाळाचा जीव वाचवू शकतं. तिथे ‘डॉप्लर नको’ म्हणणं चुकीचं ठरेल.

या सगळ्या विचाराला ‘अलारा’ तत्त्व म्हणतात. अर्थ साधा आहे. जेवढ्यात काम भागतं तेवढीच शक्ती आणि तेवढाच वेळ. गेली साठहून जास्त वर्षं जगभर कोट्यवधी बाळांची सोनोग्राफी झाली आणि तिच्यामुळे बाळांना अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांत मुलग्यांमध्ये डावखुरेपणाशी हलका संबंध दिसला, तेवढाच. पण हे बरेचसे अभ्यास मर्यादा वाढण्याच्या आधीच्या मशीनवरचे आहेत. म्हणूनच बाळाचा चेहरा बघायची हौस म्हणून किंवा व्हिडिओ आठवण म्हणून ठेवायला सोनोग्राफी करू नये, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बजावलं आहे.

स्वच्छता, पडदा आणि रमजान

सुरक्षितता फक्त आवाजापुरती नसते. प्रोब एका पेशंटवरून दुसऱ्यावर जातो, म्हणून तो दर वेळी पुसला गेला पाहिजे. आतून करायच्या तपासणीत प्रोबवर नवं आवरण चढवलं पाहिजे आणि नंतर तो जंतुनाशकाने स्वच्छ केला पाहिजे. सुई घालून करायच्या तपासणीला निर्जंतुक जेल लागतं. हे विचारण्यात संकोच नको.

बऱ्याच भगिनी पुरुष डॉक्टर असतील तर तपासणीच टाळतात. त्यांना आमचं सांगणं आहे, की तपासणीच्या वेळी सोबत स्त्री असावी, हा तुमचा रुग्ण म्हणून हक्क आहे. टीव्हीएस करण्याआधी तुमची संमती घेतली पाहिजे. अविवाहित मुलींनी तसं आधीच सांगावं, त्यांची तपासणी पोटावरून करतात.

रमजानमध्ये पोटाच्या वरच्या भागाची तपासणी रोज्यातच सोयीची पडते, पोट रिकामंच असतं. गर्भाशय किंवा मूत्राशय बघायचं असेल तर पाणी प्यावं लागतं, म्हणून इफ्तारनंतरची वेळ मिळते का ते सेंटरला विचारा. तातडीची तपासणी असेल तर थांबू नका. रोज्याबद्दलचा प्रश्न आपल्या आलिमांना विचारता येईल, पण दुखणं वाट बघत नाही.

ती पाटी आणि तो फॉर्म

गरोदर बाईची सोनोग्राफी करताना ओळखपत्र मागतात, फॉर्म भरून घेतात आणि ‘मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ अशा मजकुरावर सही घेतात. काहींना वाटतं, आपल्यालाच का एवढं विचारतात? हा ‘एफ’ नमुन्याचा फॉर्म प्रत्येक गरोदर बाईसाठी सक्तीचा आहे, तिचा धर्म किंवा जात कोणतीही असो. सेंटरला या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

याची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. त्यानंतर १९९४ मध्ये देशाचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. याच आवाजाने ग्लासगोतल्या बाईचा जीव वाचला होता. टीआय आणि एमआयच्या आकड्यांत न दिसणारा हा सोनोग्राफीचा सगळ्यात मोठा धोका आहे आणि तो मशीनमधून येत नाही, घराघरांतून येतो. लिंग विचारणाऱ्या नातेवाइकालाही पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढच्या वेळी त्या बाकावर बसाल तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. ही तपासणी कशासाठी? यातून आमच्या उपचारात काय बदलेल? पुन्हा कधी करायची? उत्तर समाधानकारक असेल तर बिनघोर आत जा, किरणांची भीती बाळगू नका. आणि जाताना जुन्या रिपोर्टची फाईल बरोबर न्या. खालांच्या गाठीचं वर्षापूर्वीचं माप फाईलमध्ये होतं, म्हणूनच ती वाढलेली नाही हे यंदा डॉक्टरांना एका नजरेत सांगता आलं.